प्रबंधामागे सामग्रीही उरली पाहिजे

१९७८ या एका वर्षात भारतात छापून आलेल्या इंग्रजी मजकुरातून प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे ५०० उतारे निवडले गेले. बातम्या, अग्रलेख, धार्मिक लेखन, सरकारी कागदपत्रे, शास्त्रीय ग्रंथ, कथा-कादंबऱ्या असे १५ गट पाडले गेले आणि त्यातून दहा लाख शब्दांचा संगणकीय संचय उभा राहिला. हे काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली १९८०च्या दशकात झाले. अमेरिकन इंग्रजीचा ब्राउन कॉर्पस आणि ब्रिटिश इंग्रजीचा लँकेस्टर-ऑस्लो-बर्गेन कॉर्पस यांच्याच मापाने तो बेतला होता. त्यामुळे तीन देशांची इंग्रजी शेजारी ठेवून तपासण्याची सोय झाली. नॉर्वेतल्या बर्गेनहून 'कोल्हापूर कॉर्पस' या नावाने तो परदेशांतील अभ्यासकांपर्यंत पोचला. त्याला मर्यादा आहेत. बाकीच्या दोन संचयांतला मजकूर १९६१चा आहे, त्यामुळे एखादा फरक दिसला तर तो देशाचा की मधल्या १७ वर्षांचा हे ठरवताना जपावे लागते. शिवाय बोललेली भाषा त्यात नाहीच. पण या मर्यादा आपल्याला नेमक्या सांगता येतात, कारण सामग्री समोर आहे. कुणीही ती उघडून तपासू शकतो.

महाराष्ट्रातल्या इंग्रजी विभागांत मंजूर होणाऱ्या प्रबंधांनी हीच कसोटी स्वतःला लावावी, असे माझे म्हणणे आहे. पदवी मिळाल्यानंतर या प्रबंधामागे दुसऱ्या संशोधकाला वापरता येईल असे काय उरले? बहुतेक ठिकाणी उत्तर निराशाजनक येते. साचा ठरलेला असतो: पहिले प्रकरण लेखकाच्या परिचयाचे, दुसरे स्त्रीवाद, उत्तरवसाहतवाद किंवा पर्यावरणवादी समीक्षा यांपैकी एका सिद्धांताच्या सारांशाचे, पुढची तीन-चार प्रकरणे एकेका कादंबरीच्या कथानकाची आणि शेवटी उपसंहार. लेखक बदलतो, सिद्धांत बदलतो, साचा तोच. वाचन प्रामाणिक असले तरी त्यातून पुढच्या माणसाला धरता येईल असे फार थोडे हाती लागते.

याचा दोष एकट्या विद्यार्थ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. नियम जे मोजतात तेच वाढीला लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार मजकुरातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, ४० टक्क्यांपर्यंत असेल तर प्रबंध दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचा, ६० टक्क्यांच्या वर गेला तर नोंदणीच रद्द. हे हवेच होते. पण सॉफ्टवेअर जुळणारे शब्द पकडते, उसना घेतलेला विचार पकडत नाही. म्हणून वाक्ये फिरवून लिहिण्याचे कसब वाढले. शोधनिबंधांचेही तसेच झाले. प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापण्याची सक्ती होती तेव्हा पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. त्यांना आवर घालायला आयोगाने मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी आणली, २०२२च्या विनियमांत सक्ती काढली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद केली. या सगळ्या फेऱ्यांत संशोधकाने मूळ सामग्री कोणती गोळा केली, ती कुठे ठेवली, ती कुणाला पाहता येईल, हे प्रश्न मध्यभागी कधी आलेच नाहीत. 'शोधगंगा' या देशभरच्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर प्रबंधाच्या पीडीएफ फायली चढतात ही मोठी सोय आहे; पण परिशिष्टात कोरी प्रश्नावली असते, भरलेल्या उत्तरांचा पत्ता नसतो.

याची किंमत कोण मोजते ते पाहा. महाराष्ट्राने २०००-०१ पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. त्याआधी ते पाचवीपासून होते. नंतर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणाऱ्या सेमी-इंग्रजी वर्गांची लाट आली. २५ वर्षांत दोन पिढ्या या निर्णयांतून शाळेबाहेर पडल्या. २०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला, तेव्हा झालेल्या वादात अस्मिता होती, राजकारण होते, बालमानसशास्त्राचे दाखले होते. पण 'पहिलीपासून दुसरी भाषा शिकलेली आपली मुले दहावीत इंग्रजीत काय करू शकतात आणि पाचवीपासून शिकलेली काय करू शकत होती' याची वह्यांनिशी तुलना कुणाच्या हातात नव्हती. ती करायला २००० सालच्या आधीच्या वह्या जपून ठेवलेल्या असायला हव्या होत्या. ती संधी आता गेली.

आकडे मिळतात ते बहुधा देशभराच्या सर्वेक्षणांतून. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३च्या पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटातल्या ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली आणि त्यांतल्या ७३.५ टक्क्यांना अर्थ सांगता आला. गुणाकार केला की कळते, वाचणे आणि समजणे दोन्ही जमलेली मुले शंभरात ४२च्या आसपास. पाहणी २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांपुरती होती. ती प्रश्न दाखवते, पण कारण सांगत नाही. ते तिचे कामही नाही. अडखळणारे मूल शब्दसंग्रहावर अडते, स्पेलिंग आणि उच्चार यांच्या विसंगतीवर अडते की वाक्याच्या रचनेवर, हे इंग्रजी विभागांनी सांगायचे असते.

त्यासाठी सर्वांत हाताशी असलेले साधन म्हणजे मराठी मुलांच्या इंग्रजी लेखनाचा संचय, म्हणजेच लर्नर कॉर्पस. तो उभारायला फार पैसा लागत नाही, शिस्त मात्र लागते. आठवी, दहावी, बारावी आणि पदवीचे पहिले वर्ष असे चार टप्पे घ्यावेत. सर्वांना एकच विषय, ३० मिनिटे, शब्दकोश आणि मोबाइल बाजूला. विषय निवडण्यातच पहिली चूक होते. 'माझा आवडता सण' दिला की गाइडमधला पाठ केलेला निबंध येतो आणि आपण मुलाची भाषा मोजण्याऐवजी गाइडची भाषा मोजतो. त्यापेक्षा चार-पाच चित्रांची मालिका द्यावी आणि घडले ते लिहायला सांगावे. प्रत्येक कागदाबरोबर मुलाच्या घरची भाषा, शाळेचे माध्यम, सेमी-इंग्रजी आहे का, इंग्रजी कितवीपासून, शिकवणी आहे का आणि तालुका यांची नोंद हवी. घरच्या भाषेच्या रकान्यात सरसकट 'मराठी' लिहून चालत नाही. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, भिली, गोंडी, दखनी बोलणारी मुले त्याच बाकावर असतात आणि त्यांच्या इंग्रजीची वाट मराठीवरून जातेच असे नाही. नावाच्या जागी सांकेतिक क्रमांक द्यावा. मुले १८ वर्षांखालील असल्याने पालकांची लेखी संमती घ्यावी. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर याबाबत ढिलाई नकोच.

टंकलेखनात दुसरी चूक दबा धरून बसलेली असते. वर्ड उघडले की यंत्र स्पेलिंग सुधारते आणि ज्या चुका अभ्यासायच्या त्याच नाहीशा होतात. ऑटोकरेक्ट बंद करावे, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टंकावे, एका वहीला एक फाइल ठेवावी. खोडलेला मजकूर वेगळ्या खुणेने ठेवावा, कारण मुलाने आधी काय लिहिले आणि मग काय केले हे तिथेच दिसते. न लागणाऱ्या अक्षराला 'अवाच्य' अशी खूण करावी, अंदाजाने शब्द बसवू नये.

मग येते चुकांवर खुणा करण्याचे काम, आणि खरी परीक्षा इथे आहे. खुणांचे प्रकार विसाच्या आसपास ठेवावेत. साठ प्रकार केले की कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. दहा टक्के कागद दोन जणांनी एकमेकांना न विचारता तपासावेत आणि कोहेनचा कॅपा, म्हणजे दोघांच्या खुणा योगायोगापलीकडे किती जुळतात याचे माप, काढावा. तो ०.७च्या खाली आला तर माणसांना दोष देण्याआधी खुणांच्या व्याख्या घट्ट कराव्यात. एकच चुकलेले वाक्य दोन-तीन तऱ्हांनी दुरुस्त करता येते, म्हणून तपासणाऱ्याने कोणते शुद्ध वाक्य गृहीत धरले ते शेजारी लिहिलेच पाहिजे. नाहीतर दोघांच्या खुणा का जुळल्या नाहीत हे कधीच कळणार नाही.

निष्कर्ष काढताना तर पुष्कळ प्रबंध घसरतात. 'आर्टिकलच्या ३१२ चुका, काळाच्या २०८ चुका' अशी कोष्टके भरपूर सापडतील. या आकड्यांना छेद नाही. आर्टिकल आवश्यक असलेल्या जागा किती होत्या आणि त्यांतल्या किती बरोबर भरल्या, हे मोजल्याशिवाय चुकांची बेरीज अर्थहीन आहे. जो जास्त लिहितो तो जास्त चुकतो. आणि जो अवघड रचना टाळतो तो चुकतच नाही. 'हू' आणि 'विच'ची जोडवाक्ये एकदाही न वापरणारा विद्यार्थी त्या रकान्यात शून्य चुका मिळवून हुशार ठरतो.

त्याहून घातक सवय म्हणजे प्रत्येक चूक मातृभाषेच्या माथी मारणे. 'आय हॅव कम यस्टर्डे' या वाक्यामागे 'मी काल आलो आहे' असेल असे मानायला आधार आहे, कारण कालवाचक शब्दासह 'आलो आहे' मराठीत चालते. पण 'ही गो टु स्कूल' लिहिणाऱ्या मुलाचे काय? मराठीत क्रियापद लिंग, वचन, पुरुष यांनुसार बदलते: जातो, जाते, जातात, जातोस. इतक्या बदलांची सवय असलेले मूल इंग्रजीतला एक 'एस' का विसरते? हा 'एस' जगभरातले, नाना मातृभाषांचे शिकणारे गाळतात. तेव्हा मराठीचा प्रभाव सिद्ध करायचा तर त्याच टप्प्यावरच्या दुसऱ्या भाषेच्या मुलांची सामग्री शेजारी हवी. कन्नड किंवा गुजराती मुलांच्या वह्या सीमेलगतच्या शाळांत मिळू शकतात. बेळगाव, सोलापूर, नंदुरबार ही ठिकाणे या दृष्टीने फार मोलाची आहेत. अशोक केळकरांनी 'मराठी इंग्लिश'च्या उच्चारांवरचा निबंध १९५७ साली लिहिला, तोही दोन भाषांच्या ध्वनिव्यवस्था काटेकोरपणे समोरासमोर मांडून. तेवढी शिस्त आज प्रत्येकाच्या आवाक्यात आहे, शिवाय हातात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे.

भाषाशिक्षणातल्या प्रयोगांबद्दल थोडे कठोर बोलावे लागेल. नेहमीचा आराखडा असा असतो: एका महाविद्यालयातला ४० जणांचा वर्ग, पूर्वचाचणी, २० तास 'नवे तंत्र', तीच चाचणी पुन्हा, दोन सरासरींतला फरक तपासणारी टी-टेस्ट, आणि 'तंत्र परिणामकारक ठरले'. २० तास कोणत्याही पद्धतीने शिकवले तरी गुण थोडे वाढतात. चाचणी तीच असेल तर ती आठवते म्हणूनही वाढतात. शिकवणारा आणि तपासणारा एकच असेल तर त्याच्या नकळतही वाढतात. तुलनेला दुसरा वर्ग घेतला तरी प्रश्न सुटत नाही. मध्यम आकाराचा परिणाम, म्हणजे अर्ध्या प्रमाणित विचलनाचा फरक, ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात ६४ विद्यार्थी लागतात, आणि तेही चिठ्ठ्या टाकून निवडलेले. आपण निवडतो ते आख्खे वर्ग. एका वर्गातली मुले एकाच शिक्षकाची, एकाच वातावरणातली असल्याने एकमेकांसारखी वागतात. हे साधर्म्य शून्य ते एकच्या मापावर ०.२ धरले आणि वर्ग ३० मुलांचा मानला, तर गरज जवळजवळ सातपट वाढते आणि प्रत्येक गटात सुमारे १५ वर्ग घ्यावे लागतात. हे एकट्या संशोधकाला शक्य नाही. म्हणून एकट्याने प्रयोग करूच नये. त्याने एका वर्गाचे वर्षभर बारकाईने निरीक्षण करावे, तासांचे ध्वनिमुद्रण करावे, ते शब्दशः लिहून काढावे. एका तासाच्या मुद्रणाला आठ-दहा तास लागतात, पण शिक्षक मराठीकडे कधी वळतो, प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबतो, उत्तर कोण देतो आणि कोण कधीच देत नाही, हे त्यातूनच हाती येते.

आपल्याकडे हे झालेलेच नाही असे नाही. एन. एस. प्रभू यांचा बंगळूर प्रकल्प १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत चालला. व्याकरणाचा पाठ न देता मुलांना रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा अशी कामे द्यायची. आधी एक काम सर्वांसमोर सोडवायचे, मग तसेच दुसरे ज्याचे त्याने करायचे. निम्म्या मुलांना निम्मे काम जमले तर त्याची काठिण्यपातळी योग्य मानायची. प्रकल्पाचे मूल्यमापन बाहेरच्या अभ्यासकांनी केले आणि ही आणि नेहमीची अशा दोन्ही पद्धतींपैकी कुणालाही झुकते माप मिळू नये म्हणून तटस्थ चाचण्याही ठेवल्या. त्यांच्या निष्कर्षांवर वाद झाले, आजही होतात. वाद घालता आला तो पाठ, कामे आणि चाचण्या नोंदलेल्या होत्या म्हणून. कार्याधारित भाषाशिक्षणाची जगातली कोणतीही गंभीर चर्चा या भारतीय वर्गांना वगळून पुढे जात नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना वाटेल की हे सगळे भाषाविज्ञानवाल्यांचे झाले; कादंबरीचा अर्थ मोजून लागत नाही. मान्य आहे. बारकाईने वाचणे हे साहित्य-संशोधनाचे काळीज आहे आणि त्याला पर्याय नाही. पण वाचायला काय घ्यायचे, हा प्रश्न उरतोच. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेले 'दर्पण' इंग्रजी आणि मराठी अशा दोन स्तंभांत शेजारी शेजारी छापले जाई आणि १८४० पर्यंत चालले. १८४२ मध्ये अमेरिकन मिशनने सुरू केलेल्या 'ज्ञानोदया'तही दोन्ही भाषा होत्या. 'इंदुप्रकाश'ही तसाच. सरकार, प्रजा, हक्क, सुधारणा या कल्पना इंग्रजी वाक्यातून मराठी वाक्यात उतरताना काय झाले, ते ओळीला ओळ लावून पाहता येईल असे हे द्विभाषिक भांडार आहे आणि ते तपासायला इंग्रजी-मराठी दोन्ही येणारा माणूस लागतो. असा माणूस लंडनला किंवा शिकागोला सहज मिळत नाही. आपल्या इंग्रजी विभागांत तो प्रत्येक खोलीत बसलेला आहे.

शेक्सपिअरची नाटके मराठीत आली तीही अशीच सामग्री आहे: महादेवशास्त्री कोल्हटकरांचा 'ऑथेल्लो' १८६७ साली आला, पुढे 'हॅम्लेट'वरून आगरकरांचा 'विकारविलसित' आला, 'ऑथेल्लो'वरूनच देवलांचा 'झुंझारराव' आला. मूळ नाटक आणि रूपांतर यांचे संवाद क्रमांक लावून समोरासमोर ठेवलेली एक जरी संपादित फाइल निघाली, तरी तिच्यावर पुढचे पाच प्रबंध उभे राहतील. काम कष्टाचे आहे. जुन्या खिळ्यांच्या छपाईवर छापील अक्षरे ओळखणारे ओसीआर सॉफ्टवेअर चुकते, जोडाक्षरे तुटतात, अनुस्वार गळतात, विरामचिन्हांची पद्धत वेगळी असते. म्हणून यंत्राने वाचलेले पान मूळ पानाशी ताडून दुरुस्त करावे लागते, आणि संपादकाने काय बदलले याची नोंद ठेवावी लागते. हेच तर संशोधनाचे प्रशिक्षण आहे.

आणखी एक कारण आता तातडीचे झाले आहे. एखाद्या प्रसिद्ध कादंबरीवर रूढ सिद्धांताच्या आधारे २५० पाने लिहून देणे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला एका संध्याकाळचे काम आहे. साचेबद्ध प्रबंध आणि यंत्राने लिहिलेला प्रबंध यांत फरक ओळखणे परीक्षकाला अवघड जाणार आहे. अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेतल्या भिली बोलणाऱ्या मुलांच्या वह्या मात्र यंत्राला आणता येणार नाहीत. त्या आणायला माणसाने तिथे जावे लागते.

नव्या शैक्षणिक धोरणाखाली पदवीच्या चौथ्या वर्षात 'संशोधनासह ऑनर्स'चा पर्याय आहे आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे. संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले, म्हणजे २०२७-२८ मध्ये तालुक्याच्या महाविद्यालयांतही विद्यार्थी इंग्रजीत संशोधन करू लागतील. त्यांना छोटे साचेबद्ध प्रबंध लिहायला लावले तर आजचा दोष दसपट होईल. त्याऐवजी एका विद्यार्थ्याने १५० शब्दांचे ३० कागद गोळा करून, टंकून, खुणा करून द्यावेत. हे झाले साडेचार हजार शब्द. एका महाविद्यालयातले दहा विद्यार्थी ४५ हजार शब्द देतात आणि २० महाविद्यालये एका वर्षात नऊ लाख. कुणाला जिल्ह्याच्या ग्रंथालयातल्या द्विभाषिक नियतकालिकाचा एक अंक द्यावा. काम लहान आहे, पण ते मोठ्या कामाचा भाग आहे हे विद्यार्थ्याला ठाऊक असेल.

विद्यापीठांनी त्यासाठी तीन गोष्टी ठरवाव्यात. वह्यांच्या नोंदीचा, फाइलच्या नावांचा आणि खुणांचा एक सामाईक नमुना मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, संभाजीनगर, जळगाव, नांदेड या सर्वांनी मान्य करावा, नाहीतर प्रत्येक विद्यापीठाची सामग्री दुसऱ्याला परकी राहील. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. तिघांचा विभाग असला तरी १८ जण होतात. या १८ जणांना १८ दिशांना न धाडता निदान निम्म्यांना विभागाच्या एकाच संचयावर काम द्यावे: एकाने आर्टिकल घ्यावे, एकाने स्पेलिंग, एकाने शब्दसंग्रह, एकाने सेमी-इंग्रजीची तुलना. आणि प्रबंधाबरोबर मूळ सामग्रीची फोल्डर, ओळख काढून टाकलेली, बहिःस्थ परीक्षकाकडे गेलीच पाहिजे. मौखिकीच्या वेळी परीक्षकाने त्यातली कोणतीही एक फाइल उघडून संशोधकाला विचारावे: या ओळीवर ही खूण का केली आणि दुसरी का नाही?